घराण्याची शोककथा वाचताना

ज्या कादंबरीत एखाद्या घराण्याचा ऱ्हास वर्णिलेला आहे आणि त्या ऱ्हासाच्या ऐन मध्यभागी एखादा समलिंगी मुलगा, एखादी तृतीयपंथी व्यक्ती अथवा विवाहास आयुष्यभर नकार देणारी एखादी कन्या उभी आहे, अशी कादंबरी अंबाजोगाई, माजलगाव किंवा परळीसारख्या गावातील वाचकाच्या हाती आली म्हणजे ती कोणत्या रीतीने वाचावी, याविषयी काही सांगावे असे पुष्कळ दिवस मनात होते. असे पुस्तक आमच्या जिल्ह्यात बहुधा आडवाटेनेच येते. पुण्याला शिकावयास गेलेल्या मुलाच्या पिशवीतून येते, कुणा प्राध्यापकाने टिपून दिलेल्या नावावरून येते, किंवा चित्रपट पाहिल्यानंतर जागृत झालेल्या कुतूहलातून येते. येते तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी ते एकदा चाळतात, विषय कोणता आहे हे ध्यानात येताच काही न बोलता खाली ठेवतात, आणि ज्याने ते आणले तो ते रात्री एकट्याने वाचतो. वास्तविक ज्या प्रकारचे पुस्तक घरातल्या सर्वांनी मिळून वाचावे, तेच असे चोरून वाचले जावे, याचे मला फार वाईट वाटते.

अशा पुस्तकापाशी वाचकाची गल्लत दोन प्रकारांनी होते. एक वाचक त्या व्यक्तिरेखेस अपराधी ठरवून मोकळा होतो: हा असा नसता तर घर बुडाले नसते, असा त्याचा निवाडा पहिल्या शंभर पृष्ठांतच तयार असतो. दुसरा वाचक अंतःकरणाने मृदू असतो. तो तिची कीव करतो, बिचाऱ्याच्या नशिबी असे आले म्हणून हळहळतो, आणि आपण उदारपणे वागलो या समाधानात पुस्तक मिटतो. वरकरणी हे दोघे परस्परविरुद्ध वाटले तरी दोघांचाही समज मुळात एकच आहे, तो असा की शोकाचे कारण त्या व्यक्तीच्या प्रकृतीत आहे. माझी वाचकांना पहिली व मुख्य विनंती आहे ती हा समज पुस्तक उघडण्यापूर्वी बाजूला ठेवण्याची. कुटुंबकथा वाचताना कुटुंब वाचावे. घरात कोणती गोष्ट कोणाला ठाऊक होती, कोणी ती कोणापासून लपविली, लपविण्याचे मोल कोणाच्या पदरात पडले आणि ते मोल भरताना घराची मिळकत, अब्रू व माया यांपैकी काय काय खर्ची पडले, याचा हिशेब वाचकाने आपल्यापाशी ठेवावा. तो नीट ठेवला म्हणजे शोक कोठून आला याचे उत्तर बहुतेक वेळा आपोआप हाती लागते.

ही वाचनपद्धती नवीन आहे असे कोणी समजू नये, कारण मराठी वाचकाने अशा प्रकारची एक महान शोकान्त कुटुंबकथा लहानपणापासून ऐकलेलीच आहे. महाभारताच्या उद्योगपर्वातील अंबोपाख्यान पुन्हा एकदा सावकाश वाचावे. द्रुपदाच्या घरी शिखंडिनी ही कन्या जन्मली. पण पुढे हिचा पुत्र होईल या वराच्या आधारावर राजाने व राणीने पुत्रच झाला असे जाहीर केले, तिला मुलासारखे वाढविले, आणि एवढ्यावर न थांबता दशार्ण देशाच्या हिरण्यवर्मा राजाची कन्या तिच्यासाठी वधू म्हणून आणली. त्या नववधूला सत्य कळले, ते तिने माहेरी कळविले, आणि अपमानित झालेला हिरण्यवर्मा सैन्यासह चालून येण्याच्या गोष्टी बोलू लागला. आईबापांवर हे संकट आपल्यामुळे आले असे मानून शिखंडिनी प्राणत्याग करण्याच्या निश्चयाने वनात गेली, तेथे स्थूणाकर्ण नामक यक्षाने दयेने आपले पुरुषत्व तिला दिले, आणि त्या दयेपायी कुबेराचा शाप भोगला. आता या कथेत दोष कोणाचा हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. ज्या मुलीने आपण होऊन काहीही लपविले नव्हते, तीच मरावयास निघाली. ज्यांनी लपविले ते सिंहासनावरच बसून राहिले. आणि मदत केली ती रक्ताचे नाते नसलेल्या एका परक्याने. शिखंडीचे नाव पुढे भीष्माच्या वधाशी कायमचे जोडले गेल्यामुळे या पूर्वकथेकडे आपले लक्ष सहसा जात नाही. पण समलिंगी वा तृतीयपंथी पात्रांच्या आधुनिक कुटुंबकथेत जे जे म्हणून पुन्हा पुन्हा घडते, ते सारे या एका उपाख्यानात आलेले आहे. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारतातील व्यक्तींकडे देवत्वाची व अद्भुताची आवरणे दूर सारून हाडामांसाची माणसे म्हणून पाहण्याचा जो परिपाठ घालून दिला, तोच या वाचनाच्या कामी उपयोगी पडतो.

त्या दशार्णकन्येकडे मात्र वाचकाचे विशेष लक्ष मी वेधू इच्छितो. जेथे जेथे एखाद्या समलिंगी मुलाचे घरच्यांनी बळेच लग्न लावून दिले आहे, तेथे तेथे परक्या घरातून आलेली एक मुलगी कथेत असते, आणि लेखकाने तिला चारच पृष्ठे दिली असली तरी वाचकाने तिचा माग सोडू नये. ती काय जाणते, तिला प्रश्न विचारण्याची मुभा आहे की नाही, माहेरचा दरवाजा तिच्यासाठी उघडा आहे की बंद, हे पाहत जावे. मुलाच्या दुःखाने व्याकूळ झालेला वाचकसुद्धा पुष्कळदा सुनेचे दुःख विसरतो, आणि मग त्या घराचा अर्धा हिशेब त्याच्या हातून सुटतो.

बीड जिल्ह्यातील वाचकापाशी या विषयाची एक अशी जाण आहे की जी मुंबई-पुण्याच्या वाचकाला सहजी लाभणार नाही. दसरा-दिवाळी सरली की आमच्या जिल्ह्यातून सहस्रावधी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे ऊसतोडीसाठी निघतात, आणि गावे पाच-सहा महिने म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या हवाली होतात. या व्यवहारात मुकादम उचल देतो ती एका माणसाला नव्हे, जोडप्याला. नवराबायकोच्या त्या जोडीलाच कोयता असे म्हणतात, आणि ज्याला जोडीदार नाही तो अर्धा कोयता ठरतो. विवाह हा येथे केवळ संस्कार नाही, तो रोजगाराचा दाखला आहे. लग्नाच्या वयाच्या आधीच मुलींची लग्ने उरकण्यामागे जी कारणे आहेत, त्यांतही या जोडीच्या हिशेबाचा वाटा मोठा आहे. ज्या समाजात उपजीविकाच जोडप्याच्या नावाने मांडलेली आहे, तेथे ज्याचे मन त्या जोडीत बसत नाही त्याने जावे कोठे? हा प्रश्न आमच्याकडील वाचकाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. म्हणून पुण्यातल्या किंवा परदेशातल्या एखाद्या सुखवस्तू घराची कथा वाचताना ‘हे आपल्यातले नाही’ असा जो पहिला विचार मनात येतो, त्याला तेथेच अडवावे, आणि त्या घरात कोयत्याच्या जागी काय आहे ते शोधावे. कोठे पेढी असते, कोठे वाडा असतो, कोठे नुसते चांगल्या घराण्याचे नाव असते. परंतु ज्याच्यासाठी जोडी जुळलीच पाहिजे असे काहीतरी प्रत्येक घरात सापडते.

याच जिल्ह्यात, अंबाजोगाईत, योगेश्वरी आहे. परळीच्या वैद्यनाथाशी तिचा विवाह ठरला होता, मुहूर्त टळला, वऱ्हाड जागच्या जागी पाषाण झाले आणि देवी कुमारिकाच राहिली, अशी लोककथा येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. विवाह न झालेल्या देवीपुढे नवरात्रात स्त्रिया आराधी बसतात, दूरवरच्या कोकणस्थ घराण्यांची ती कुलस्वामिनी आहे, आणि तिच्या कौमार्याने कोणाच्या कुळाला उणेपणा आलेला नाही. तुळजाभवानीच्या वाटेवर परडी घेऊन फिरणाऱ्या आराध्यांत स्त्रीवेश धारण केलेले पुरुषही आपण पाहतो आणि त्यांना हात जोडतो. ज्या समाजाने देवळाच्या ओवरीत जे मान्य केले, ते घराच्या उंबरठ्याच्या आत मान्य करणे त्याला का जड जाते, हा विचार कथा वाचताना मनात जागता ठेवावा; त्याचे उत्तर घाईने देऊ नये.

आता प्रत्यक्ष पुस्तकांकडे वळू. आरंभ सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ने करावा असे माझे स्पष्ट मत आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेली ही लहानशी मराठी कादंबरी जेरी पिंटो यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे 2013 पासून दूरवर पोहोचली, आणि 2022 साली कुंडलकर यांनीच तिच्यावर चित्रपटही केला; मात्र चित्रपटात कथा केरळात नेलेली असल्यामुळे, पुण्याच्या मध्यमवर्गीय ब्राह्मणी घराची जी घट्ट वीण कादंबरीत आहे ती पडद्यावर शोधू नये आणि चित्रपट पाहिला म्हणून पुस्तक वाचले असेही समजू नये. घरातील खोली भाड्याने घेऊन राहावयास आलेल्या एका तरुणावर तनय व अनुजा या सख्ख्या बहीणभावांचे प्रेम बसते, आणि एके दिवशी अनुजा त्या तरुणाबरोबर घर सोडून जाते, एवढेच कथानक. पूर्वार्ध तनयच्या तोंडून येतो, उत्तरार्ध अनुजाच्या. या रचनेतच या कादंबरीचे सारे मर्म आहे. मुलगी पळून गेली म्हणून घरावर आकाश कोसळते, नातेवाईक जमतात, रडारड होते, चर्चा होते. त्या मुलीच्या दुःखासाठी, मग ते रागाच्या रूपाने का होईना, घरात एक जागा तयार होते. तनयचेही तितकेच सर्वस्व गेलेले आहे, पण त्याच्या वियोगाला घरात नावच नसल्यामुळे त्याला शोक करण्याची सोय नाही. बहिणीसाठी काळजीत पडलेला भाऊ म्हणूनच त्याला त्या माणसांत वावरावे लागते.

ही कादंबरी दोनदा वाचावी. पहिल्या वेळी लेखकाने दिलेल्या क्रमानेच वाचावी, आणि दुसऱ्या वेळी अनुजाचा भाग आधी वाचून नंतर तनयकडे यावे. असे केले असता एकाच घरात, एकाच जेवणाच्या वेळी, दोन भावंडांच्या मनांत किती निरनिराळी चरित्रे चालू होती हे दिसते, आणि अनुजाच्या कथनात भावाच्या मनाचा ठाव जवळजवळ कोठेच कसा लागत नाही हेही लक्षात येते. तो भाडेकरू तरुण निनावी ठेवला आहे, यावरून रागावू नये. वाचकाला त्याचा राग येतो हे स्वाभाविक आहे. पण कथा त्याच्याविषयी नसून तो निघून गेल्यावर जे घर उरले त्या घराविषयी आहे, हे एकदा पक्के समजले की त्याचे नाव नसणे उचितच वाटू लागते. आईवडिलांना खलपुरुष ठरविण्याचा मोहही टाळावा. ती माणसे दुष्ट नाहीत. आपल्या मुलांवर त्यांचे प्रेम आहे, आणि त्या प्रेमाला ज्या थोड्या वाटा ठाऊक आहेत त्यांवरूनच ते चालते. आमच्याकडील बहुसंख्य आईबापांविषयी हेच म्हणता येईल, म्हणून ही कादंबरी पालकांनी वाचावी असे मी आवर्जून सांगतो.

त्यानंतर विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक घ्यावे. 1981 साली ते रंगभूमीवर आले आणि त्यातील सुमित्रा देव ऊर्फ मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. ही कुटुंबकथा नव्हे, पण घराबाहेर पडलेल्या मुलीचे काय होते याची ती कथा आहे, आणि दुसरे म्हणजे, सांगणारा कोण हे पाहण्याची सवय लावण्यासाठी याहून चांगला पाठ मराठीत दुसरा नाही. मित्राची हकीकत आपल्याला बापू सांगतो. बापू सज्जन आहे, मित्राच्या उपयोगी पडतो, परंतु त्याचे स्वतःचे मनही तिच्यात गुंतलेले आहे; तेव्हा तिच्याविषयी तो जे बोलतो ते कितपत तिचे व कितपत त्याचे, हा संशय वाचकाने शेवटपर्यंत सोडू नये. नाटकाचा शेवट आत्मघातात होतो. येथे काळाचे भान फार आवश्यक आहे. 1860 च्या भारतीय दंडसंहितेतील 377 व्या कलमाची टांगती तलवार त्या काळी समलिंगी संबंधांवर कायम होती. ती खाली उतरली 6 सप्टेंबर 2018 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या निर्णयाने. तत्पूर्वी 15 एप्रिल 2014 च्या निकालाने तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य झाला होता. समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालानेही कायदेशीर मान्यता मिळालेली नाही. कोणतीही अशी कथा हाती घेतली की तिचे लेखनवर्ष व कथेतील काळ या दोन गोष्टी पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने टिपून ठेवाव्यात, आणि त्या काळी त्या माणसाला पोलिसांचे, शेजाऱ्यांचे व नोकरी जाण्याचे भय कितपत खरे होते याचा विचार करावा. पात्रे भित्री किंवा कपटी का वागतात याचे उत्तर पुष्कळदा त्या टिपणातच सापडते.

आनंद यादव यांची ‘नटरंग’ ही कादंबरी अनेकांनी चित्रपटामुळे वाचली आहे, आणि तीही याच मालिकेत घ्यावी, पण सावधपणे. तमाशाच्या वेडाने झपाटलेला गुणा हा पहिलवान गडी, नाच्याचे काम करावयास दुसरा कोणी मिळेना म्हणून स्वतःच ते करतो, आणि मग त्याच्या पुरुषत्वाची कुचेष्टा गावापासून घरापर्यंत सर्वत्र होते. गुणा समलिंगी नाही. बायको व मुले असलेला तो संसारी माणूस आहे. स्त्रीवेश, स्त्रीसुलभ हालचाल, समलिंगी आकर्षण आणि तृतीयपंथी असणे या चार निरनिराळ्या गोष्टींची आपल्या बोलण्यात जी सरमिसळ होते, ती या कादंबरीच्या वाचनाने सुटी करून घ्यावी. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या त्याहून कठीण आहेत, कारण तेथे देवाच्या नावाने मुलगी जोगतीण व मुलगा जोगत्या करून सोडला जातो, त्यात स्वतःच्या प्रकृतीचा भाग किती आणि घरच्यांनी लादलेल्या नवसाचा किती, हे उकलणे सोपे नाही. ‘जोगवा’ चित्रपट याच साहित्याच्या आधाराने 2009 साली आला. माझ्या मते ‘भंडारभोग’ प्रथम वाचनास घेऊ नये. अगोदर ‘कोबाल्ट ब्लू’ व ‘मित्राची गोष्ट’ झाल्यावर, लादलेली ओळख आणि दडपलेली ओळख हे दोन्ही अन्याय एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याची तयारी झाल्यावर, तिच्याकडे वळावे. बिंदुमाधव खिरे यांचे ‘पार्टनर’ हे पुस्तक मात्र ज्याला या विषयाची काहीच ओळख नाही अशा तरुण वाचकाला केव्हाही द्यावे. कलाकृती म्हणून त्याचे मोल काहीही ठरो, पुण्यात समलिंगी व्यक्तींसाठी प्रत्यक्ष कार्य उभारलेल्या लेखकाच्या अनुभवाचा सच्चेपणा त्यात आहे.

ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांच्यासाठी दोन पुस्तकांचा निर्देश करतो. टॉमस मान यांची 1901 सालची ‘बुडनब्रोक्स’ ही जर्मन व्यापारी घराण्याच्या चार पिढ्यांची कथा. घराण्याचा शेवटचा वारस हान्नो हा नाजूक, संगीतात रमणारा, व्यापाराच्या कामाचा नसलेला मुलगा. काई नावाच्या मित्राशी त्याचा जो जिव्हाळा आहे तो लेखकाने थोड्याच, परंतु विसरता न येणाऱ्या शब्दांत रंगविला आहे. घराण्याच्या जन्ममृत्यूंची नोंद ठेवणारी एक वही त्या घरात असते. एकदा हा मुलगा त्या वहीत स्वतःच्या नावाखाली रेघ ओढून ठेवतो, आणि वडील संतापून विचारतात तेव्हा सांगतो की याच्यापुढे काही येणार नाही असे त्याला वाटले. सातबाऱ्यावरील वारसनोंदीसाठी तलाठ्याच्या दाराशी खेटे घातलेल्या आमच्याकडील माणसाला त्या एका रेघेचा अर्थ जितका कळेल तितका तो दुसऱ्या कोणाला कळणार नाही. आणि तरीही लक्षात ठेवावे की बुडनब्रोक्स घराणे हान्नोमुळे बुडत नाही. धंद्यातील चुका, घराण्याच्या फायद्यासाठी लावलेली मुलींची लग्ने, आणि दर पिढीने पुढच्या पिढीवर टाकलेले ओझे यांनी ते अगोदरच पोखरलेले असते. शेवटच्या माणसावर सारा ठपका ठेवण्याची जी घराण्यांची रीत आहे, तिच्यावर मान यांनी सातशेहून अधिक पृष्ठांचा पुरावा गोळा करून दिला आहे.

दुसरे पुस्तक श्याम सेल्वादुराई यांचे 1994 सालचे ‘फनी बॉय’. कोलंबोतील एका तमिळ कुटुंबातील मुलगा आजीच्या घरी बहिणींबरोबर नवरी होऊन खेळतो, म्हणून रागे भरला जातो. पुढे त्याचे एका मुलावर प्रेम बसते. आणि 1983 च्या दंगलींत घर जळून कुटुंबाला देशत्याग करावा लागतो. येथे घर जाळणारे बाहेरचे आहेत आणि जाळण्याचे कारण वंशद्वेष आहे. मुलाचे प्रेम आणि घराचा नाश ही दोन दुःखे एकाच कथेत असूनही एक दुसऱ्याचे कारण नाही. वाचकाने ती दोन्ही अलग धरून ठेवावीत. एका पुस्तकात दोन आपत्ती आल्या की त्यांची सांगड घालण्याची मनाची ओढ जबरदस्त असते.

वाचनाच्या साधनांविषयी थोडेसे. दीर्घ कुटुंबकथा असेल तर वंशावळ स्वतःच्या हाताने काढावी, छापील दिलेली असली तरीसुद्धा. कारण हाताने काढताना कोणाच्या नावापुढे जागा रिकामी राहते ते डोळ्यांत भरते. त्या वंशावळीत प्रत्येक नावापाशी एक खूण करावी: गुपित याला केव्हा कळले. बहुतेक उत्तम कादंबऱ्यांत असे आढळते की आईला फार आधी कळलेले असते, आजीला त्याहूनही आधी, आणि बापाला सर्वांच्या शेवटी. आणि सगळ्यांना कळल्यानंतरही कित्येक वर्षे त्या घरात त्याविषयी एक शब्द निघत नाही. ती वर्षे कथेत कशी भरली आहेत ते पाहावे. शोकाचा खरा साठा तेथे असतो, शेवटच्या मृत्यूत नव्हे. म्हणून शेवट आधी वाचू नये, आणि वाचलाच तर तो निकाल म्हणून धरू नये. पूर्वीच्या कथाकारांपैकी कित्येकांनी अशा पात्रांना मरण दिले, त्यामागे समाजाने लेखकावर घातलेले दडपणही होते. पात्र मेले म्हणजे त्याला शिक्षा झाली असा अर्थ काढणाऱ्या वाचकासमोर त्यांना लिहावे लागत होते.

वाचनमंडळात किंवा घरी असे पुस्तक वाचावयाचे झाल्यास काही पथ्ये कसोशीने पाळावीत. चर्चेच्या ओघात गावातील कोणा माणसाचे नाव घेऊन ‘तो तसाच आहे’ असे कोणी म्हणू लागला तर अध्यक्षाने त्याला तेथेच थांबवावे. जे ज्याने स्वतः सांगितले नाही ते दुसऱ्याने सांगण्याचा अधिकार कोणासही नाही, आणि लहान गावात अशा एका वाक्याने माणसाचे राहणे अशक्य होते. बैठकीत बसलेल्या दहाजणांत एखादा असा असू शकतो की ज्याची हीच कथा आहे आणि जो आज प्रथमच ती मोठ्याने वाचली जाताना ऐकत आहे. आपला प्रत्येक शब्द तो तोलून पाहत असतो, हे जाणून बोलावे. थट्टेचे हुंकार व नजरानजर यांना मुळीच थारा देऊ नये. आत्मघाताचा प्रसंग असलेले प्रकरण मोठ्याने वाचावयाचे असेल तर आधी तशी सूचना द्यावी, आणि वाचनानंतर लगेच उठून न जाता थोडा वेळ सर्वांनी बसावे. कोणाचे मन फारच खचलेले दिसले तर 14416 या क्रमांकावर शासनाची टेलिमानस ही विनामूल्य सेवा अहोरात्र चालू असते, तो क्रमांक फळ्यावर लिहून ठेवण्यास काहीच अडचण नसावी. आणि एखाद्या मुलाने किंवा मुलीने बैठक संपल्यावर मागे राहून काही सांगितलेच, तर ते ऐकून घ्यावे, आपल्यापाशी ठेवावे, त्याच्या घरी कळविण्याची घाई करू नये, आणि लग्न केले म्हणजे सारे सुरळीत होईल हा सल्ला तर कदापि देऊ नये. वर सांगितलेल्या कथांपैकी एकीतही तसे झालेले नाही.

शोकान्त कथाच वाचत राहिल्याने असे प्रत्येक आयुष्य शोकातच संपावयाचे असा ग्रह होण्याचा धोका आहे, म्हणून आपल्याच जिल्ह्यातील दोन गोष्टी त्या पुस्तकांशेजारी ठेवाव्यात. बीड जिल्हा पोलीस दलातील एका महिला शिपायाने, आपले शरीर व मन स्त्रीचे नाही हे ओळखून शासनाकडे परवानगीसाठी झगडा केला. 2018 साली मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रियेस आरंभ झाला. तो पुरुष म्हणून पुन्हा त्याच दलात रुजू झाला, पुढे त्याचा विवाह झाला आणि घरी अपत्यही आले. 2022 साली बीड शहरात एका तृतीयपंथी वधूचा विवाह उघडपणे, पाहुण्यांच्या साक्षीने पार पडला. या दोन घटना वृत्तपत्रांत आल्या आणि लोकांनी त्या वाचल्या. ज्या घरांनी माणूस झाकून ठेवला नाही त्या घरांच्या या हकीकती आहेत. अशा घरांच्या कादंबऱ्या मराठीत अजून फारशा लिहिल्या गेलेल्या नाहीत, आणि त्या लिहिणारा लेखक आमच्या जिल्ह्यातून यावा अशी माझी इच्छा आहे.

तोवर वाचकांनी एवढे करावे. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये अनुदान मिळणारी ग्रंथालये आपल्या तालुक्यांत व मोठ्या गावांत आहेत, आणि सभासदांनी मागणी नोंदविल्यास ग्रंथपाल पुस्तक मागवितो. येत्या महिन्यात आपापल्या ग्रंथालयाच्या मागणीवहीत ‘कोबाल्ट ब्लू’ आणि ‘मित्राची गोष्ट’ ही दोन नावे आपल्या सहीनिशी लिहावीत, आणि पुस्तके आली म्हणजे ती घरी नेऊन सर्वांच्या देखत वाचावीत.